फील्डच्या डोंगरातले दगडी किडे

शुक्रवार : कॅलगरी ते फील्ड

कॅलगरी सोडून ट्रान्स-कॅनडा हायवेला लागलं की आधी सपाटी, मग बॅन्फ, मग लेक लुईस आणि त्यापुढे किकिंग हॉर्स खिंड. उंची १,६२७ मीटर. इथे अल्बर्टा संपतो, ब्रिटिश कोलंबिया सुरू होतो आणि रस्ता जो उतरायला लागतो तो थेट फील्ड गावापर्यंत. १८८४ मध्ये रेल्वे याच बाजूने खाली उतरवली तेव्हा चढ साडेचार टक्के होता. इंजिनं चढताना दमायची आणि उतरताना हाताबाहेर जायची. शेवटी डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे खणून चढ निम्म्यावर आणला. बोगदे सुरू झाले १९०९ साली. रस्त्याकडेच्या थांब्यावर आम्ही उभे होतो तेवढ्यात नशिबाने मालगाडी आली. इतकी लांब, की इंजिन वरच्या तोंडातून बाहेर आलं तरी शेपूट अजून खालच्या तोंडातून आत शिरतच होतं.

आम्ही ज्यासाठी इथवर आलो तो शोधही १९०९ च्याच उन्हाळ्यातला. चार्ल्स वॉलकॉट नावाच्या भूशास्त्रज्ञाला फील्डच्या वरच्या धारेवर काळ्या शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेल्या, पातळ थरांच्या दगडात) असे प्राणी सापडले, की ज्यांचा एकही अवयव दगडात टिकायला नको होता. बर्जेस शेल म्हणतात ते हेच. वय सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षं, म्हणजे कॅम्ब्रियन काळाचा मध्य. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, प्राणी नव्हता. जे काही चाललं होतं ते समुद्रात, आणि हा डोंगर त्या समुद्राचा तळ होता.

फील्ड म्हणजे दीड-दोनशे वस्तीचं गाव. मध्ये नदी आणि रूळ, एका बाजूला माउंट स्टीफनची भिंत, समोर माउंट बर्जेस. हा बर्जेस १९५४ च्या मालिकेतल्या कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर होता. ताईने मुक्कामाच्या खिडकीतून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. ती माझी थोरली बहीण, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. "डोंगर मी बघते," म्हणाली, "किडे तुझे तू बघ."

ट्रायलोबाइटचं वेड मला जुनं. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : चपटा, लांबट गोल, डोक्याला ढाल, मधे एकामागे एक जोडलेले खंड, मागे शेपटीची ढाल. पाठीवरून दोन उभ्या खाचा गेलेल्या, त्यामुळे अंगाचे लांबीत तीन पट्टे दिसतात. खेकडे, विंचू, कीटक ज्या संधिपाद कुळातले, त्याच कुळातली ही निर्वंश झालेली शाखा. साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दगडांत दिसू लागतात आणि २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात संपतात. आजवर वीस हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. एवढ्या जाती कळायचं कारण त्यांच्या पाठीवरचं कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या टणक खनिजाचं, कवच. डोळ्यांची भिंगंसुद्धा कॅल्साइटची. मेल्यावर अंग कुजलं तरी कवच गाळात पडून राहायचं. या एका गोष्टीमुळे पुढचे सगळे दिवस कसे उलटेपालटे झाले ते सांगतोच.

शनिवार : माउंट स्टीफन

या जागांवर आपलं आपण जाता येत नाही. योहो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतले हे भाग बंद आहेत, कॅमेऱ्यांची नजर असते, आणि गाईडबरोबर नाव नोंदवलं असेल तरच वर सोडतात. नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते. दगड उचलून खिशात टाकला तर गुन्हा. खूप जणांना हे जाचक वाटतं. मला वाटलं नाही. एकोणिसाव्या शतकात या उताराचं काय झालं ते वाचलेलं होतं.

वाट गावातूनच निघते आणि पहिल्या वळणापासून अंगावर येते. जायचं-यायचं अंतर आठ-नऊ किलोमीटर, पण त्यात आठशे मीटरच्या आसपास चढ. स्प्रूसच्या जंगलातून नाकासमोर चढत राहायचं, मधे सपाटी म्हणून नाही. ताईचे गुडघे तिच्या ज्ञानाइतके मजबूत राहिलेले नाहीत, म्हणून ती खालीच थांबली होती. आमची गाईड, तिशीतली भूशास्त्राची पदवीधर, दर थांब्यावर एकेक हप्ता गोष्ट सांगायची आणि आम्हाला धाप लागलीय हे न दिसल्यासारखं करायची.

गोष्ट अशी. १८८६ मध्ये फील्डला रेल्वेचं हॉटेल उभं राहत होतं. तिथल्या कामगारांना डोंगरावर 'दगडी किडे' सापडल्याची बातमी पसरली. त्याच वर्षी कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे रिचर्ड मॅककॉनेल वर गेले आणि नमुने घेऊन आले. ओटो क्लॉट्झ हे सर्वेक्षक, पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले, त्यांनीही नमुने गोळा केले. ते कार्ल रॉमिंगर यांच्याकडे पोचले आणि १८८७ मध्ये रॉमिंगरनी त्यांतल्या एका ट्रायलोबाइटला क्लॉट्झचं नाव दिलं. आज त्याला ओगीगोप्सिस क्लोट्झी म्हणतात.

जंगल संपलं आणि समोर घसारा आला. करड्या-तपकिरी शेलच्या पातळ चिपांचा उभा उतार, पाय टाकला की खळखळ करत दोन वीत खाली. गाईड म्हणाली, "आता जपून बसा, आणि बसायच्या आधी खाली बघा."

खाली बघितलं तर बसायला जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण प्रत्येक चिपेवर कुणीतरी आधीच बसलेलं. हातभर अंतरात मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. ओगीगोप्सिस सगळ्यात जास्त : रुंद, शेपटीची ढाल डोक्याएवढीच मोठी, खंडांच्या रेघा स्पष्ट. मधेच एखादा ओलेनॉइडीस, त्याच्या शेपटीला काटे. कुठे नुसतं डोकं, कुठे नुसती शेपूट, कुठे एकावर एक पडलेले तिघं.

एक चीप मी बराच वेळ हातात धरली. तळहाताएवढी. त्यावर बोटभर लांबीचा ओगीगोप्सिस, पण गालांच्या जागी दोन्हीकडे रिकामी खाच. भिंगातून पाहिलं तर खाचेची कडा स्वच्छ होती, मोडलेल्यासारखी ओबडधोबड नव्हती. गाईडला दाखवलं. ती म्हणाली, ही कात. ट्रायलोबाइट वाढताना कवच टाकायचा. डोक्यावरच्या ठरलेल्या शिवणी उसवायच्या, गाल सुटे व्हायचे आणि तो पुढून बाहेर पडायचा. म्हणजे माझ्या हातात प्राणी नव्हताच, त्याने टाकून दिलेली कात होती. एक ट्रायलोबाइट आयुष्यात अनेकदा कात टाकणार आणि त्यातली प्रत्येक कात दगडात जाऊ शकणार. उतारावर दिसणारी ही अफाट गर्दी काही अंशी तेवढ्याच प्राण्यांची पुन्हा पुन्हा झालेली मोजणी आहे.

त्याच घसाऱ्यात तिने आणखी एक गोष्ट दाखवली. बोटासारखी वाकलेली, खंडाखंडांची, आतल्या कडेला काटे. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, कोळंबीची शेपूट. जोसेफ व्हाइटीव्ह्ज यांनाही १८९२ मध्ये तसंच वाटलं. कोळंबीसारख्या प्राण्याचं हे धड आहे असं समजून त्यांनी ॲनोमॅलोकॅरिस हे नाव दिलं. डोकं कुठे सापडत नव्हतं ते नव्हतंच. पुढे वॉलकॉटना याच शेलमध्ये मधे भोक असलेली एक गोल चकती मिळाली, तिला त्यांनी जेलीफिश ठरवलं. तिसऱ्या एका चपट्या ठशाला समुद्रकाकडी (हाही मऊ अंगाचा समुद्री प्राणीच). सगळं प्रकाशित झालं, संग्रहालयांच्या खणांत वेगवेगळं लेबल लावून बसलं. १९८५ मध्ये हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी दाखवून दिलं की कोळंबी म्हणजे तोंडापुढची पकड, जेलीफिश म्हणजे तोंड आणि समुद्रकाकडी म्हणजे धड, असा हा ॲनोमॅलोकॅरिसच्या घराण्यातल्या मोठ्या शिकाऱ्यांचा घाट आहे. पहिली पकड सापडल्यापासून शतक होत आलं होतं.

मी विचारलं, हा ट्रायलोबाइट खायचा ना? अनेक पुस्तकांत तसं चित्र असतं, आणि चावा घेतलेले, जखम भरून आलेले ट्रायलोबाइट खरंच सापडतात. ती हसली. २०२३ च्या एका अभ्यासात या पकडीची ताकद संगणकावर तपासली, त्यात ती टणक कवच फोडण्याजोगी निघाली नाही. पोहताना झपकन पुढे टाकून मऊ सावज पकडायला ठीक. मग ट्रायलोबाइटना कोण चावलं? संशयितांमध्ये इतर ट्रायलोबाइटही आहेत.

उतरताना गुडघ्यांनी जे काही केलं ते लिहीत नाही.

रविवार : एमरल्ड लेक, ताकाकॉ

विश्रांतीचा दिवस. सकाळी एमरल्ड लेक, दुपारी ताकाकॉ धबधबा (एकूण उंची ३७३ मीटर, पाण्याचा फवारा पार वाटेपर्यंत). दोन्हींचे फोटो जगात पुरेसे आहेत.

ताईने मात्र तळ्याकाठी बसून नकाशा उघडला आणि एक उद्योग काढला. मी बर्जेस शेलमधल्या प्राण्यांची नावं वाचायची आणि तिने ती नकाशावर शोधायची. वाप्टिया : माउंट वाप्टा. योहोइया : योहो. ओदाराइया : माउंट ओडारे. ओपाबिनिया : लेक ओहारा भागातली ओपाबिन खिंड. विवाक्सिया : तिथलीच विवाक्सी शिखरं. ताकाकाविया हा स्पंज आहे, तो आम्ही दुपारी पाहिला त्या धबधब्याच्या नावाचा. वॉलकॉट नाव सुचेना की खिडकीबाहेर बघत असावेत, असं ताईचं मत. सिडनेया मात्र त्यांच्या मुलाच्या नावाचा, कारण पहिला नमुना सिडनीलाच सापडला होता.

वॉलकॉटबद्दल इथे थोडं लिहितो. १९०९ मध्ये ते एकोणसाठ वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. वर्षभर कारभार, उन्हाळ्यात घोडे आणि तंबू घेऊन रॉकीज, म्हणजे हेच डोंगर. बायको हेलेना आणि मुलं बरोबर. दंतकथा अशी सांगतात की बायकोचा घोडा एका दगडाला अडखळला, वॉलकॉटनी उतरून तो फोडला आणि आत खजिना निघाला. त्यांच्या रोजनिशीत हे काही नाही. ऑगस्टच्या शेवटच्या दोन दिवसांत जीवाश्म गोळा केल्याची साधी नोंद आहे आणि काही प्राण्यांची हाताने काढलेली चित्रं आहेत. मला ही चित्रं घोड्यापेक्षा जास्त आवडतात. एखाद्या माणसाला पहिल्याच दिवशी, तंबूत बसून, काय सापडलंय ते रेखाटावंसं वाटतं, यात सगळं आलं.

पुढच्या वर्षी ते परत आले, वरून घरंगळलेले दगड ज्या थरातून आले तो थर शोधला आणि खणायला सुरुवात केली. सुरुंग लावून शेलचे तक्ते सोडवायचे, खाली तळावर फोडायचे, गुंडाळून घोड्यांवर लादायचे आणि फील्डला रेल्वेत चढवायचे. १९११ मध्ये हेलेना रेल्वे अपघातात गेल्या. वॉलकॉट येतच राहिले. १९२४ पर्यंत मिळून पासष्ट हजारांहून जास्त नमुने वॉशिंग्टनला गेले. ते नीट अभ्यासायला मात्र त्यांना सवड मिळाली नाही. कारभारी माणसाचं हे ठरलेलं दुखणं. जे सापडलं ते त्यांनी ओळखीच्या गटांत बसवून टाकलं.

सोमवार : वॉलकॉट खाण

पहाटे उठून योहो खोऱ्यात गेलो. आज एकवीस-बावीस किलोमीटर, आठशे मीटरच्या वर चढ, अकरा तासांचा हिशोब. ताई या खेपेला येणारच म्हणाली. "चढ शनिवारइतका उभा नाही ना? मग लांबीचं मला काही वाटत नाही." तिने काठ्या घेतल्या, गुडघ्यांना पट्टे बांधले आणि संध्याकाळपर्यंत तक्रार केली नाही. तक्रार मीच केली.

पहिला चढ जंगलातल्या वळणावळणांचा, मग योहो लेकपाशी थांबा, मग खिंड ओलांडून डोंगराच्या कुशीतून लांबलचक आडवी वाट. डावीकडे माथ्यावर वाप्टा, उजवीकडे खोल खाली एमरल्ड लेक, काल जिथे बसलो होतो तो काठ. पलीकडे बर्फाचे डोंगर. वाटेवर मारमट (खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी) शिट्ट्या घालत होते. शेवटचा तुकडा पुन्हा घसाऱ्याचा, आणि मग एकदम खाण.

खाण म्हणजे फार काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माउंट फील्ड आणि वाप्टा यांना जोडणाऱ्या धारेच्या कुशीत खणलेला एक लांबट कोनाडा, मागे काळसर भिंत, पुढे फोडून टाकलेल्या शेलचा ढीग. वॉलकॉटचा मुख्य थर दोन-सव्वादोन मीटर जाडीचा. वरच्या अंगाला १९३० मध्ये हार्वर्डच्या पर्सी रेमंडनी दुसरी खाण काढली. १९६६-६७ मध्ये कॅनडाच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने पुन्हा खणलं आणि १९७५ पासून टोरांटोचं रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियम येत आलंय.

मी पहिल्यांदा काय केलं, तर शनिवारची सवय लागल्यामुळे ट्रायलोबाइट शोधायला लागलो. दगड उलटेपालटे केले, मिळेना. शेल शाळेतल्या जुन्या पाटीसारखा काळा, गुळगुळीत, आणि पाटी कोरी. ताई माझ्याकडे बघत उभी.

"दगड तिरका धरा," गाईड म्हणाली.

तिने दिलेला तुकडा मी उन्हाकडे कलता धरला. एका विशिष्ट कोनात काळ्यावर काळं असलेलं काहीतरी चांदीसारखं चमकलं. नखाएवढं. डोक्यावरून मागे वळलेले काट्यांचे दोन जोड, मधे बारीक खंडांची माळ, खंडांना केसासारखे पाय, आणि मागे टोकाशी एक काळपट डाग. हा मरेला नावाचा प्राणी. कोन जरा बदलला की गायब, पुन्हा आणला की हजर. हा डाग काय? गाडला गेल्यावर वरच्या वजनाने अंगातला रस दाबून बाहेर आला, त्याचा. मी एवढा वेळ त्या डागाकडेच बघत राहिलो की मागच्या माणसाने खाकरून आठवण करून दिली. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याच्या पोटातलं पाणी कुठपर्यंत पसरलं ते आज बोट ठेवून दाखवता येतं. मरेलाचे पंचवीस हजारांहून जास्त नमुने या खाणीतून निघाले आहेत आणि त्याला कॅल्साइटचं कवच नव्हतं. एरवीच्या गाळात त्याचा मागमूस राहिला नसता.

मग इथे राहिला कसा? गाईडने भिंतीकडे पाठ करून हातांनी समुद्र उभा केला. इथे तेव्हा पाण्याखाली एक प्रचंड कडा होता, चुनखडीचा. कड्याच्या पायथ्याशी गाळ साचत होता. अधूनमधून चिखलाचा लोंढा उतारावरून घसरायचा आणि वाटेत येणाऱ्या जिवांना घेऊन खोल जागी एका दमात गाडून टाकायचा. आत प्राणवायू जवळपास नाही, खाणारे-उकरणारे पोचू शकत नाहीत, चिखल इतका बारीक की फटी राहत नाहीत. कुजणं मध्येच थांबलं आणि अंगाची कार्बनची पातळ फिल्म मागे राहिली. नंतर रॉकीज वर उचलले जाताना शेजारच्या शेलचा पार चुराडा झाला, पण या तुकड्याला शेजारच्या जाड चुनखडीने आडोसा दिला. ताईने इथे पहिल्यांदा मान डोलावली. "म्हणजे ज्या कड्याखाली मेले त्याच कड्याने सांभाळलं," ती म्हणाली. वर्गात वाक्य फळ्यावर लिहावं तसं.

दाखवायला ठेवलेल्या नमुन्यांत शेवटी माझा ट्रायलोबाइटही आला. ओलेनॉइडीस सेराटस, शनिवारी ज्याची नुसती पाठ पाहिली होती तोच. पण या तक्त्यावर त्याला पुढे दोन लांब मिशा होत्या, कडेने पाय बाहेर आलेले, आणि मागे मिशांसारखेच आणखी दोन धागे. पायांच्या मुळाशी काटे असतात. पायांमध्ये अन्न चिरडत चिरडत तोंडाकडे ढकलायचा. इतकी वर्षं ट्रायलोबाइट म्हणून मी ज्याच्यावर जीव टाकला ते त्याचं छप्पर होतं, हे इथे उन्हात उभं राहून कळलं. आणि या खाणीत तो अल्पसंख्य आहे. त्याच्याभोवती स्पंज, जमिनीत बिळं करणारे किडे, मरेला, वाप्टिया आणि कुठल्याच ओळखीच्या चौकटीत न बसणारे अनेक. शनिवारच्या उताराकडे बघून मी हा समुद्र ट्रायलोबाइटांचा समजत होतो. ते तिथे उरले होते, एवढंच. बाकीच्यांची नोंद ठेवायला त्या उताराकडे साधन थोडं होतं.

या बाकीच्यांनी शास्त्रज्ञांना फार छळलं. ओपाबिनियाला पाच डोळे आणि पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला चिमटा. व्हिटिंग्टननी १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्याचं चित्र पडद्यावर दाखवलं तेव्हा लोक हसले. हॅल्युसिजेनियाचं तर सगळंच उलटं झालं. १९७७ मध्ये सायमन कॉनवे मॉरिस यांनी तो काट्यांवर चालतो आणि पाठीवर मऊ नळ्यांची रांग आहे असा उभा केला. १९९१ मध्ये चीनमधल्या त्याच्या नातेवाइकांवरून कळलं की काटे पाठीवर आणि नळ्या म्हणजे पाय. मग डोकं कोणतं, शेपूट कोणती? जो गोल ठसा डोकं समजला जायचा तो अंगातून बाहेर आलेला रस निघाला आणि खरं डोकं, दोन डोळ्यांसकट, २०१५ मध्ये दुसऱ्या टोकाला सापडलं. या लोकांवर हसू नये. हातात काय असतं ते मी पाहिलंय : तिरका धरला तर दिसणारा एक चकाकता डाग.

परतीची वाट लांब होती. ताई पुढे, मी मागे.

मंगळवार : स्टॅन्ली ग्लेशियर

जाता जाता कूटनी राष्ट्रीय उद्यानातली तिसरी जागा. दहा किलोमीटर, साडेचारशे मीटर चढ. कालच्या मानाने फिरायला जाणंच. सुरुवातीचं जंगल जळलेलं आहे, १९६८ आणि २००३ च्या वणव्यांनी. करड्या खुंटांच्या मधून फायरवीडची गुलाबी फुलं आणि नवी पाइन झाडं. वर गेल्यावर दोन्ही अंगांना कडे आणि त्यांच्या पायथ्याशी दगडांचे ढीग, समोर हिमनदीचं उरलेलं टोक.

या जागेचं महत्त्व वेगळं आहे. बर्जेस शेलसारखं जतन व्हायला तो समुद्राखालचा कडा हवाच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. त्यामुळे शोधही कड्याच्या रेषेवरच चालायचा. स्टॅन्लीजवळ तसा कडा नाही, थरही पातळ, तरी मऊ अंगाचे प्राणी निघाले. २०१० मध्ये ते जाहीर झालं आणि शोधाचा पट्टा एकदम रुंद झाला. २०१२ मध्ये याच उद्यानात मार्बल कॅन्यनजवळ नवी खाण मिळाली. तिथून मेटास्प्रिगिना नावाच्या अगदी आदिम माशाचे उत्तम नमुने आले, २०१४ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. पाठीचा कणा असलेल्यांच्या, म्हणजे आपल्या, बाजूचा हा गडी. कूटनीतूनच २०१९ मध्ये कॅम्ब्रोरास्टर आला, ज्याच्या डोक्यावरची ढाल पाहून खणणाऱ्यांनी त्याला अंतराळयान म्हणायला सुरुवात केली होती. आणि इथल्या स्टॅन्लीकॅरिसला तीन डोळे होते, मधला सगळ्यात मोठा, हे २०२२ मध्ये कळलं. त्याच्या काही नमुन्यांत मेंदूचा ठसासुद्धा आहे.

दगडांच्या ढिगाऱ्यात मला एक छोटा ट्रायलोबाइट मिळाला. नखाहूनही लहान, अंगठ्याने धूळ पुसली तर खंड मोजता येतील असा. गाईडने पाहिला, छान म्हणाली आणि होता तिथे ठेवायला सांगितलं. ठेवला. ताईला तोवर एका काळ्या चिपेत काहीतरी चमकताना दिसलं होतं. ती चीप तिने इतक्या कोनांतून फिरवली की गाईडही उठून आली. निघाला एका संधिपादाचा कवचाचा तुकडा, कुणाचा ते सांगता येईना. गाईडने फोटो काढला, जागा टिपून घेतली. ताईला मग चैन पडेना. खाली उतरेपर्यंत ती मार्बल कॅन्यनची खाण नेमकी कुठे आहे हे गाईडकडून काढायचा प्रयत्न करत होती. आधी सरळ विचारलं, मग नकाशावर बोट ठेवून "साधारण इथे?" असं, मग तिथला खडक कोणत्या दिशेला कललाय अशी भूगोलाच्या बाजूने चौकशी. ती जागा लोकांसाठी खुली नाही. गाईडने प्रत्येक वेळी गोड हसून फायरवीडकडे लक्ष वेधलं.